महाराज तपासाला निघतात

राजाला खुनाचा तपास करायचा असेल तर पहिली अडचण ही, की त्याला कोणी खरं सांगत नाही. दुसरी अडचण, तो खोलीत शिरला की सगळे उठून उभे राहतात, त्यामुळे कोण कुठे बसलं होतं हे कळायचा मार्गच बंद होतो. तिसरी याहून अवघड. त्याने स्वतःच्या हाताने कधी दार उघडलेलं नसतं, पैसे मोजलेले नसतात, चहा केलेला नसतो. कडी आतून होती की बाहेरून, चहा रोजच्यापेक्षा कडू लागला की नाही, यावर तो मत देणार कुठून? आणि खून तर नेमके असल्याच गोष्टींवरून उघडकीला येतात.

तरीही राजे-राण्यांच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या मी मिटक्या मारत वाचते. याला बहुधा माझं गाव कारण असावं. नंदाखालला कुणालाच काही लपवता येत नाही. वाडीतला राजेळीचा लोंगर रात्री गेला, तर सकाळी दुधाच्या वेळेला तो कुणी नेला हे कळलेलं असतं, दुपारपर्यंत का नेला हे कळतं, आणि संध्याकाळच्या मिस्सेला नेणारा आणि ज्याचा नेला तो, दोघे एकाच बाकावर बसलेले दिसतात. विरार स्टेशनवर पाहुणा रिक्षात बसतो तोवर तो कुणाकडे चाललाय ही बातमी बावखलाच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, काठाला पोचलेली असते. या गावाने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या रूपाने २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष दिला. डिटेक्टिव्ह मात्र दिला नाही. गरजच पडली नाही. अशा गावात वाढलेल्या बाईला, ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाचं भारी अप्रूप वाटतं. आणि राजाइतकं अज्ञानात ठेवलेलं माणूस दुसरं कोण असणार? अख्ख्या राजवाड्याला माहीत असलेली गोष्ट त्याला शेवटी कळते. या कादंबऱ्यांची खरी गंमत तिथेच आहे. गुन्हेगार कोण हा प्रश्न बाकीच्यांना पडतो; मला, महाराजांच्या डोक्यात प्रकाश पडायला आणखी किती पानं, हा पडतो.

या कादंबऱ्यांशी ओळख झाली ती नोकरीच्या काळात. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं मिळायची आणि चर्चगेटहून विरारपर्यंतचा वेळ कसा तरी काढायचाच असायचा. आमच्या डब्यात कुणी मटार सोलायचं, कुणी रोझरी म्हणायचं, कुणी सुनेबद्दल बोलायचं, आणि मी एका हाताने कडी धरून प्रिन्स ऑफ वेल्सबरोबर हिंडायचे. उभ्याने वाचायला रहस्यकथेसारखं दुसरं काही नाही. गंभीर पुस्तकाला बसायची जागा लागते.

हा प्रिन्स म्हणजे बर्टी, व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झालेला. पीटर लव्हसी या इंग्रज लेखकाने त्याला डिटेक्टिव्ह करून तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली, ‘बर्टी अँड द टिनमॅन’, १९८७ ची. फ्रेड आर्चर नावाच्या नामांकित जॉकीने १८८६ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली, ही घटना खरी. तिथून लव्हसी कल्पनेला टाच मारतात आणि बर्टीला वाटायला लागतं की यात काहीतरी काळंबेरं आहे. निवड अगदी चोख आहे. डिटेक्टिव्हला रिकामा वेळ लागतो, आणि एकोणसाठाव्या वर्षी गादीवर बसेपर्यंत या माणसाकडे रिकाम्या वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं. आई त्याच्या हाती राज्याचे महत्त्वाचे कागद पडू देत नसे. मग तो जेवणार, सिगार ओढणार, घोड्यांवर पैसे लावणार आणि बायकांकडे बघणार. मधल्या वेळात तपास.

गोष्ट बर्टी स्वतःच सांगतो, त्यामुळे आपण किती चतुर आहोत हे तोच आपल्याला सारखं ऐकवत असतो. चुकीच्या माणसामागे तो इतक्या रुबाबात जातो की चुकतोय हे कळत असूनही आपल्याला वाईट वाटत नाही. त्याची बायको अलेक्झांड्रा बोलते थोडं, पण तिला कळतं जास्त. खऱ्या आयुष्यात हा राजपुत्र दोनदा कोर्टात साक्षीला उभा राहिला: १८७० मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात आणि १८९१ मध्ये पत्त्यांच्या डावातल्या लबाडीवरून झालेल्या खटल्यात. म्हणजे कोर्टाची पायरी चढलेला राजपुत्र होता तो. भल्याभल्या कादंबरीतल्या डिटेक्टिव्हांना हा अनुभव नसतो.

एस. जे. बेनेट यांच्या ‘द विंडसर नॉट’मध्ये (२०२०) तपासाला बसतात त्या साक्षात दुसऱ्या एलिझाबेथ राणी. कथा २०१६ ची, म्हणजे ऐतिहासिक म्हणायला जरा कोवळीच. राणीसाहेब नव्वदीच्या उंबरठ्यावर. वाड्यात मेजवानीच्या रात्रीनंतर एक तरुण रशियन पियानोवादक मेलेला सापडतो, आणि सरकारी गुप्तहेर लगेच आंतरराष्ट्रीय कटाच्या मागे धावतात. राणी उठून कुणाची उलटतपासणी घेऊ शकत नाही, तशी रीत नाही. ती सेक्रेटरीच्या हाताखालच्या एका चुणचुणीत मुलीला इथेतिथे पाठवते, आणि कोडं सुटलं की साहेबलोकांपुढे दोन भोळे प्रश्न असे टाकते की त्यांना वाटावं, हे आपणच शोधलं. इथे मी पुस्तक मिटून हसले. माझी आजी घरात याच पद्धतीने राज्य करायची. वाडीत विहिरीला पंप कुठे बसवायचा हे तिने ठरवलं आणि आजोबा मरेपर्यंत गावाला सांगत राहिले की ती जागा त्यांनी हेरली होती.

आता कोणी म्हणेल, राजा-डिटेक्टिव्ह हे इंग्रजांचं खूळ. मुळीच नाही. आपला विक्रम राजा तर जगातला एकमेव डिटेक्टिव्ह, जो प्रेत खांद्यावर घेऊन प्रकरणं सोडवतो, आणि प्रकरणं सांगतं तेही ते प्रेतच. नियम किती दुष्ट बघा. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील; बोललास तर प्रेत परत झाडावर. या अटींवर शेरलॉक होम्सने दुसऱ्या रात्रीच राजीनामा दिला असता.

बगदादचा हारून अल रशीद वेष पालटून रात्री शहरात फिरतो, ते आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेलं असतं. पण अरबी कथांतली तीन सफरचंदांची गोष्ट मोठेपणी पुन्हा वाचावी. टायग्रिस नदीतून एक पेटी वर येते, आत एका तरुणीचं प्रेत. खलिफा संतापतो आणि वजीर जाफरला सांगतो, तीन दिवसांत खुनी आण, नाहीतर तुला फाशी. जाफर काय करतो? घरी जातो आणि तीन दिवस बसून राहतो. एवढ्या मोठ्या शहरात खुनी कुठे शोधणार, हा त्याचा विचार. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. शेवटी खुनी आपल्या पायांनी येऊन कबुली देतो. वरिष्ठांच्या तातडीच्या कामाकडे बघण्याची ही रीत आमच्या ऑफिसात मी पुष्कळ पाहिली. ती इतकी जुनी आणि राजमान्य असेल असं वाटलं नव्हतं.

आणि खऱ्या राजांत शोधायचं, तर आम्हाला फार लांब जावं लागत नाही. शेजारी सोपारा. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी दौरे काढत, मी त्याऐवजी धर्मयात्रा काढतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी बोलतो, असं त्या लेखात अशोक सांगतो. मला हा लेख डिटेक्टिव्हगिरीचा पहिला धडा वाटतो, भले विद्वान नाक मुरडोत. शिकार सोडा, लोकांना भेटा, त्यांना विचारा. बर्टीने आधी हे वाचायला हवं होतं. का ते पुढे येईलच.

एवढं असून मराठी रहस्यकथेत मात्र राजा नाही म्हटलं तरी चालेल. नंदाखालपासून काही किलोमीटरवर अर्नाळा. ते नाव लावून बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार काय किंवा काळापहाड काय, राजघराण्यातला कोणी नव्हे. राजा आपण ऐतिहासिक कादंबरीच्या हवाली केला, आणि तिथे तो लढतो, पत्र लिहितो, मंचकावर तळमळतो. पलंगाखाली वाकून कधी बघत नाही. वाकायला लावणाऱ्या लेखकाची हिंमत मी आजच्या दिवसांत तरी धरणार नाही. पुस्तक बाजारात येण्याआधी त्यालाच वेष पालटून फिरावं लागेल.

पण माधवराव पेशव्यांना बघा. सोळाव्या वर्षी पेशवाई, सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू, स्वभाव कडक, आणि समोर आलेलं प्रकरण असं: पानिपतात गेलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगत एक माणूस उभा राहिला. प्रेताची नीट ओळख पटल्याची खात्री कुणालाच नव्हती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतःला विधवा मानायला तयार नव्हत्या. तपास करायचा कुणी? ज्याने काकाला लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय त्या पुतण्याने, जो आता राज्य चालवतोय आणि काका खरा निघाला तर ज्याची मोठी पंचाईत आहे. याहून चांगली कादंबरी मागूनही मिळणार नाही. तो तोतया ठरला, कैदेत गेला. माधवरावांच्या पश्चात सुटून त्याने कोकणात बंड उभं केलं आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिलं, ‘तोतयाचे बंड’. माधवरावांना डिटेक्टिव्ह करून कोणी लिहावं, मी आगाऊ पैसे भरीन.

माधवरावांच्या मागोमाग नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. त्या प्रकरणात राजघराणं तपासाच्या नाही, संशयाच्या बाजूला होतं; रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं हे आपण शाळेत शिकलो. आमच्या पट्ट्यात ही गोष्ट जरा वेगळी लागते. पुढे राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई त्यांना लिहून दिली. म्हणजे खुनाच्या एका संशयिताने आपली बाजू लढवायला फी म्हणून आमची गावं मोजली. पुढे आम्हाला कुणीकुणी कुठेकुठे जोडलं, पालिका, जिल्हे, त्याची यादी लांब आहे, पण एवढ्या सनसनाटी कारणासाठी पुन्हा कोणी दिलं-घेतलं नाही.

अलीकडे अर्जुन राज गैंद यांनी इंग्रजीत एक भारतीय महाराजा डिटेक्टिव्ह केला. राजपोर नावाच्या काल्पनिक संस्थानाचे सिकंदरसिंग, काळ १९०९, पुस्तक ‘अ व्हेरी पक्का मर्डर’ (२०१६). नववर्षाच्या रात्रीनंतर संस्थानातला इंग्रज रेसिडेंट मेलेला सापडतो आणि कंटाळलेले महाराज खूश होऊन तपासाला निघतात. वाचताना माझं लक्ष राजपोरवर ठरेना. रेसिडेंट, महाराजा आणि विष हे तीन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला बडोदं आठवायलाच हवं.

सोमवार, ९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळी फिरून आले. रोजच्याप्रमाणे त्यांच्यासाठी पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. दोन-तीन घोट घेतले, थोड्या वेळाने मळमळायला लागलं. उरलेलं त्यांनी बाहेर फेकून दिलं, आणि ग्लास ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तो गाळ रेसिडेन्सीच्या डॉक्टरांकडे गेला, पुढे मुंबईला रासायनिक तपासणीला. अहवाल आला: सोमल आणि हिऱ्याची पूड. विष घालावं तेही गायकवाडांच्या इतमामाने, असं कुणालाही वाटावं. मल्हारराव गायकवाड आणि फेअर यांचं आधीपासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. संशय सरळ महाराजांवर गेला.

मुंबईहून पोलीस कमिशनर फ्रँक सूटर माणसं घेऊन आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याने कबुली दिली, की महाराजांच्या सांगण्यावरून मीच ते ग्लासात टाकलं. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही कित्येक आठवड्यांनी. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचणाऱ्या कुठल्याही माणसाची भुवई इथे वर जाते. विष घालून झाल्यावर उरलेली पुडी कमरेला बांधून हिंडणारा हवालदार! मल्हाररावांसाठी लंडनहून सार्जंट बॅलेंटाइन हे नावाजलेले वकील आले, आणि त्यांनी त्या पुडीवरून पोलिसांना चांगलंच धारेवर धरलं.

आणि आता खरी मौज. निवाड्यासाठी सरकारने १८७५ मध्ये सहा जणांचं कमिशन नेमलं. तीन इंग्रज: बंगालचे सरन्यायाधीश रिचर्ड काउच अध्यक्ष, शिवाय मीड आणि मेल्व्हिल. तीन भारतीय: ग्वाल्हेरचे महाराजा जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. कादंबरीकारांनी कल्पनेने जे केलं ते हिंदुस्थान सरकारने कागदावर करून दाखवलं. विषप्रयोगाचं कोडं सोडवायला दोन जिवंत महाराजे बसवले.

त्यांनी काय केलं? तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले. तिघा भारतीयांचं मत पडलं, आरोप सिद्ध होत नाही. तीन विरुद्ध तीन. असा शेवट करणाऱ्या लेखकाचं हस्तलिखित कुठल्याही प्रकाशकाने परत पाठवलं असतं. सरकारने कोडं सोडवायचा नाद सोडला आणि गैरकारभाराच्या कारणाखाली मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आला आणि सयाजीराव झाला. बडोद्याचं त्यात भलंच झालं, पण विषाचा प्रश्न राहिला तो राहिलाच. मला विचाराल तर जयाजीरावांना आणि रामसिंहांना इंग्रजांहून एक गोष्ट जास्त माहीत होती. नोकराच्या तोंडून महाराजांचं नाव वदवून घेणं किती सोपं असतं, हे महाराजालाच कळणार.

आता तारखा जुळवून बघा. विषप्रयोग झाला ९ नोव्हेंबरला. ९ नोव्हेंबर हा बर्टीचा वाढदिवस! आणि बरोब्बर एका वर्षाने, नोव्हेंबर १८७५ मध्ये, बर्टी स्वतः हिंदुस्थानात उतरला. चौतिसावा वाढदिवस त्याने मुंबईत साजरा केला आणि तिथून बडोद्याला गेला. गाडी बी. बी. सी. आय. रेल्वेची, म्हणजे आमच्या वसई-विरारवरूनच गेली असणार, आणि त्याला बसायला जागाही मिळाली असणार. भावी कादंबऱ्यांचा नायक, न सुटलेलं प्रकरण, साक्षीदारांच्या आठवणी अजून ताज्या. सगळं तयार. बर्टीने बडोद्यात काय केलं? चित्ते सोडून हरणांची शिकार बघितली, हत्तींच्या झुंजी बघितल्या, छोट्या सयाजीरावांच्या जवाहिरांचं कौतुक केलं आणि पुढे निघाला. सोपाऱ्यातला तो लेख तोवर कुणाला सापडला नव्हता, हे खरं. पण सापडला असता तरी त्याने वाचला नसता. लव्हसींनीही बडोद्याला हात लावला नाही. त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या नंतरच्या काळात आणि युरोपात घडतात. ‘बर्टी आणि पपनसाचं सरबत’ हे पुस्तक अजून कुणी लिहिलेलं नाही.

ते मीच लिहावं की काय, असं मध्यंतरी डोक्यात आलं. प्रकरण कितपत रंगतं हे पाहायला मी ते थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. सुकेळ्यांसाठी राजेळी सोलायचं काम चाललं होतं, त्यामुळे ऐकून घेण्यावाचून त्यांनाही इलाज नव्हता. फेअर, मल्हारराव, हिऱ्याची पूड, सहा जणांचं कमिशन, सगळं मी चढत्या आवाजात सांगितलं. दोन्ही महाराजांचं नाव घेताना थोडी थांबलेसुद्धा. जाऊबाईंनी महाराजांकडे ढुंकून पाहिलं नाही.

“गाळ तळाशी होता म्हणतेस ना?”

“हो. काळपट.”

“मग सरबत करणाऱ्याला सोड. त्याने घातलं असतं तर साखरेबरोबर चांगलं ढवळलं असतं. हे मागाहून कुणीतरी टाकलंय, आणि त्याच्या हातात चमचा नव्हता.”

रावजीची कबुली नेमकी अशीच होती. भरलेल्या ग्लासात आपण मागाहून टाकलं. सहा मोठ्या माणसांनी आठवडेच्या आठवडे साक्षी ऐकल्या त्या प्रकरणात जाऊबाई तीन केळी सोलून होईतो इथवर आल्या होत्या.

“पण त्याला सांगितलं कुणी? राजाने?” मी विचारलं.

“ते मला काय विचारतेस? तिथल्या बायकांना विचारायचं होतं. कुणी विचारलं का त्यांना?”

एका आयेची साक्ष झाली होती, अमिना तिचं नाव, असं मी म्हणाले. “एकीची?” जाऊबाई म्हणाल्या, आणि पुढचं केळं घेतलं. बर्टीला या प्रश्नाशी यायला निदान चार प्रकरणं लागली असती, आणि तीही अलेक्झांड्राने नाश्त्याच्या टेबलावर विषय काढल्यावर.